टोलेफसनांच्या रायफलीचा सायलेन्सर

एक जानेवारीपासून बंदुकीच्या सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा केंद्राचा कर शून्य झाला, आणि आमच्या गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांचा समज झाला की आता सायलेन्सर म्हणजे हातोडी. आवडला, उचलला, घरी नेला. कर गेला होता हे खरं. पण अर्ज, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट बघणं हे सगळं जागच्या जागी होतं. पहिल्या तीन दिवसांत हे मी चाळीसएक वेळा सांगितलं. मग पुठ्ठ्यावर ठळक लिहून गल्ल्याजवळ लावलं. पुठ्ठा कुणी वाचला नाही.

माझं नाव आर्लिस. नवऱ्यामागे हे बंदुकांचं दुकान मी एकटीच चालवते. नॉर्थ डकोटात असं दुकान चालवलं की गावाबद्दल गरजेपेक्षा जास्त कळतं.

पाच तारखेला डेलमर टोलेफसन आला. शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही सूचना वाचायचा नाही. त्याने वडिलांची रायफल काउंटरवर ठेवली आणि शेजारी वकिलाकडून आणलेला नवा करकरीत कागद.

"ट्रस्ट केलाय," तो म्हणाला. "सायलेन्सर ट्रस्टच्या नावावर दे. आजच."

कागदावर दोन नावं होती. एक त्याचं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाचं, ऑरिनचं. म्हणजे सायलेन्सर कायद्याने दोघांनाही वापरता येणार.

"मग दोघांचेही ठसे लागतील. फोटोही."

"पण कर गेला ना?"

"डेलमर, पुठ्ठा वाच."

त्याने वाचला. दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसला.

हे दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बापाला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिथे ताटात हॅमचा पाव घेता घेता ऑरिन सगळ्यांदेखत म्हणाला की बाबांना वृद्धाश्रमात डेलमरनेच ढकललं. झालं, संपलं. रायफल मात्र बापाने दोघांना मिळून दिलेली. म्हणून ती एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. जानेवारीत एकजण माझ्याकडे आणून ठेवतो, दुसरा येऊन घेऊन जातो. मी आली म्हणून नोंद करते, गेली म्हणून नोंद करते. नऊ वर्षं मी यांची निरोप्या आहे आणि आजवर निरोप एकही नाही.

"तुझ्या एकट्याच्या नावावर घे ना," मी म्हणाले.

"मग तो ऑरिनच्या हातात दिसला तर?"

"तर गुन्हा."

"मग काय करायचाय?" त्याने दुकानात कुणी नाही ना हे पाहिलं. "त्याचा डावा कान गेलाय, आर्लिस. उजवाही चाललाय. न्हाव्याने सांगितलं मला. कानात बोळे घाल असं कुणी म्हटलं तर घालत नाही, गाढव आहे. आणि ही रायफल केवढ्याने फुटते ते तुला माहितेय. आता वर्षभर ती त्याच्याकडे. मला वाटलं, नुसती वर सायलेन्सर बसवून ठेवून जाईन. पण त्याच्यासाठी आहे हे बोलू नकोस हं. बापजन्मात घेणार नाही तो."

त्याने आपले ठसे दिले, फोटो काढून घेतला आणि रायफल माझ्याकडे ठेवून निघून गेला.

गुरुवारी ऑरिन आला. मी तीनदा हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली. रायफल हातात घेतली, नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"हे काय? आटे? बाबांच्या रायफलीला आटे पाडले?"

"सायलेन्सर बसवायला. डेलमरने पाडून घेतले."

"त्याच्या आयला त्याच्या! बाबांना सोडलं नाही, रायफलीला कसला सोडतोय! थांब, वकीलच लावतो त्याच्यामागे." बहिऱ्या माणसाचा आवाज तसाही मोठाच असतो. रस्त्यावरची दोन माणसं काचेतून आत बघायला लागली.

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांचं एकदम फिरलं.

"ऑरिन, तोंड मिट आणि माझ्या तोंडाकडे बघ. त्याचे कान ठणठणीत आहेत. चाललेत ते तुझे. तुझ्यासाठी त्याने आटे पाडले, तुझ्यासाठी ट्रस्ट केला. आता मुकाट्याने हात पुढे कर, ठसे घ्यायचेत."

मी शब्द मोडला. त्याचं मला अजूनही वाईट वाटलेलं नाही.

ऑरिनने हात पुढे केला. चाळीस वर्षं सिमेंट कालवून बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. ठसा उमटेना. मग एकेका बोटाला मलम चोळायचं, थोडं थांबायचं, पुसायचं, पुन्हा दाबायचं. तास गेला. आठव्या बोटाला त्याने विचारलं,

"त्याला सांगितलं कुणी?"

"न्हाव्याने."

"न्हावी बदलला पाहिजे," तो म्हणाला आणि नववं बोट दिलं.

एकोणीस दिवसांनी मंजुरी आली. ऑरिन आला, फॉर्म भरला, आणि दुकानामागच्या मातीच्या बांधावर आम्ही फळी उभी केली. त्याने तीन गोळ्या झाडल्या. आवाज झाला, होतोच, पण दार आपटल्याएवढा. एरवी पहिल्या गोळीनंतर त्याचा हात उजव्या कानाकडे जायचा, ते मी कित्येकदा पाहिलं होतं. या वेळी हात खालीच राहिला. तो बर्फात तसाच उभा राहिला. मला थंडी वाजत होती, तरी मीही थांबले.

आत येऊन त्याने टोपी काढली.

"त्याला फोन लाव."

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

"फोनवरचं मला काही कळत नाही गं," तो म्हणाला. "माणसाचं तोंड दिसावं लागतं. त्याला इथे बोलव."

मी डेलमरला तसंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्याचं शेत बावीस मैलांवर, रस्ते बर्फाने भरलेले. तो पंचवीस मिनिटांत दारात होता. बूट झटकले नाहीत, दार लावलं नाही. मफलर तेवढा हनुवटीच्या खाली ओढला आणि भावाच्या समोर जाऊन उभा राहिला.