नाडीनाथांची नाडी

"गेली! नाडी गेली!" महाराजांचं मनगट धरून बसलेले तात्याराव ओरडले आणि दूध संस्थेच्या आवारातली दीड-दोनशे माणसं एकदम गप झाली. बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. महाराज डोळे मिटून बाजेवर ताठ बसले होते. मे महिन्याच्या त्या उकाड्यात त्यांच्या अंगावर लोकरीची शाल होती. समाधीतल्या माणसाला शाल कशाला लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मलाही सुचलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी अन्वरी, गावातल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स.

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. ईट या बाजारगावापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. पावसानं ओळीनं दगा दिलेला, विहिरींचे तळ दिसत होते. माणसं दिवसभर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची, संध्याकाळी संस्थेत जे काही लिटर-दीड लिटर दूध निघेल ते घालायची आणि घरी जायची. पण पंधरा दिवसांपासून कुणी घरी जात नव्हतं. संस्थेचे चेअरमन तात्याराव यांच्या छातीतली कळ नाडीनाथ महाराजांनी हात फिरवून घालवली होती. ती कळ गॅसची होती आणि दोन ढेकरांनी गेली असती, असं मी म्हणाले, तर तात्याराव चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महाराजांचं दुकान हृदयाचं होतं.

"काळीज म्हंजे काय रं?" ते गर्दीला विचारायचे. "काळीज म्हंजे शिवालय! त्याला चार दारं. एका दाराची कडी बसली की माणूस धापा टाकतो. मुंबईचा डाक्टर भायेरून मशीन लावतो, आमी आतून करंट सोडतो! तुमचा रोग म्या माझ्या काळजावर घेतो. माझं काळीज थांबतं, तुमचं सुटतं. बघा नाडी!"

मग कुणीतरी मनगट धरायचं आणि नाडी खरोखरच जायची.

त्या दिवशी तात्यारावांनी मला पुढं ढकललं. "या नर्सबाई, लई शंका काढता ना. बघा हात लावून."

मी बोटं ठेवली. ठोका होता. मग बारीक झाला. मग नव्हताच. बोट सरकवून पाहिलं, दाबून पाहिलं. काही नाही. रोज पंचवीस जणांची नाडी बघणारी मी, मलाही ती सापडली नाही. दोन मिनिटांनी नाडी परत आली आणि महाराजांनी डोळे उघडून माझ्याकडं बघून मंद स्मित केलं. मी मान खाली घालून घरी आले.

मला झोप लागेना, ती महाराजांमुळं नाही. चांगुणामुळं.

चांगुणा चोवीस वर्षांची. तिचा नवरा श्रीपती संस्थेत दुधाचे कॅन धुवायचा. लहानपणी सांधे सुजून तिला ताप आला होता आणि त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप बिघडवली होती. दाराच्या दोन फळ्या कडांनी एकमेकींना चिकटाव्यात आणि मधे पेन्सिल जाईल एवढी फट राहावी, तशी ती झडप. रक्त पुढं जायचं नाही, मागं फुफ्फुसात तुंबायचं. हंडाभर पाणी आणलं की ती उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. दर एकवीस दिवसांनी मी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायची.

फेब्रुवारीत तिला घेऊन मी, श्रीपती आणि तिची सासू पुतळाबाई मुंबईच्या सरकारी इस्पितळात गेलो होतो. तिथले डॉक्टर छाती न उघडता झडप उघडण्याच्या नव्या उपचारावर संशोधन करत होते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, नळीच्या टोकाला छोटा फुगा, तो झडपेत नेऊन फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात.

"आजी, हे नवीन आहे," डॉक्टर पुतळाबाईंना म्हणाले. "आम्ही अजून शिकतोय. आत्तापर्यंत एकवीस जणांवर केलं. सतरा जणांना चांगला गुण आला. तिघांना आला नाही. एकीची झडप गळायला लागली, तिची छाती उघडावी लागली. तुमची सून बरी होईलच, असं मी सांगू शकत नाही. पण न करता ती किती दिवस काढील, याची मला जास्त काळजी वाटते."

आठ जूनची तारीख मिळाली.

घरी आल्यावर पुतळाबाई म्हणाल्या, "ज्याला सोताचीच खात्री न्हाय, त्याच्या हातात पोरीचं काळीज कसं द्यावं, बाई?"

मला रागच आला होता. पण त्यांचं म्हणणं चूक होतं असंही म्हणता येईना. आणि तारीख जवळ आली तसे नेमके नाडीनाथ अवतरले, शंभर टक्के खात्री घेऊन.

"आठ तारखेला कुटं जायचं न्हाय," त्यांनी पुतळाबाईंना सांगितलं. "गोळ्या बंद. सुया बंद. अळणी खायचं, पाण्याला जायचं न्हाय, बसून ऱ्हायाचं. अमावस्येला दार उघडतो."

आणि चांगुणाला बरं वाटायला लागलं! पुतळाबाई सांगत सुटल्या. मी मनाशी म्हणाले, अळणी खाऊन आणि हंडे न वाहून तिला आराम पडणारच. मीही वर्षभर हेच सांगत होते, पण माझ्या अंगावर शाल नव्हती.

आठवड्याभरात चित्र पालटलं. लघवीच्या गोळ्या बंद झाल्यामुळं अंगात पाणी साठलं. पाय सुजले. इंजेक्शनचा दिवस टळला. मी गेले तेव्हा चांगुणा गुडघ्यावर उशी घेऊन पुढं वाकून बसली होती. एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होती.

"बाई… आठ तारीख… कवा हाय?"

"पाच दिवसांनी."

तिनं मान वळवून सासूकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात पोटुशी नागूबाई तपासायला आली. मी तिच्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला, मनगटावर बोटं ठेवली आणि फुगा दाबू लागले. पट्टा फुगला. ठोका बारीक झाला. मग नव्हताच.

रोज करते मी हे. बारा वर्षं करते आहे. वर दंड आवळला की खाली नाडी जाते. हृदय थांबत नाही, फक्त हातातल्या रक्ताची वाट अडते!

"बाई, काय झालं?" नागूबाई घाबरली.

"काही नाही गं. तू ठणठणीत आहेस."

ती गेल्याबरोबर मी बँडेजची गुंडाळी काखेत धरली आणि दंड अंगाशी घट्ट दाबला. दुसऱ्या हातानं नाडी बघितली. दोनदा जमलं नाही. गुंडाळी जरा आत सरकवली, आणि माझी नाडी गेली. मी एकटीच मोठ्यानं हसले.

तशीच चांगुणाच्या घरी गेले. "पुतळाबाई, माझं मनगट धरा."

त्यांनी धरलं. थोड्या वेळानं त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बया! बाई, तुमची बी गेली!"

"मग मी मेले का?"

चांगुणाला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. मी काखेतली गुंडाळी काढून दोघींसमोर ठेवली. पुतळाबाई गुंडाळीकडं वाकल्या. एकदा हात लावला, पुन्हा मागं घेतला.

"मला… तिथं न्या," चांगुणा म्हणाली.

संध्याकाळी श्रीपतीनं तिला कॅन वाहायच्या हातगाड्यावर बसवून आणलं. गर्दी बाजूला झाली. महाराज म्हणाले, "आली माझी लेक!" आणि समाधी लावायला डोळे मिटले.

"महाराज," चांगुणा म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळे ऐकत होते. "हात… वर करून… थांबवा की नाडी."

महाराजांनी एक डोळा उघडला. "देवाला अटी घालायच्या न्हायत, पोरी."

"अट कसली?" मी म्हणाले. "काळीज थांबत असेल तर हात खाली काय, वर काय?"

तात्याराव उठले. "नर्सबाई, तुमचा धरम येगळा, यात तुमी पडू नका. आन श्रीपती, उद्या कामावर यायचंय न्हवं तुला?"

श्रीपतीची मान खाली गेली. पण तो तिथून हलला नाही.

इतक्यात पुतळाबाई पुढं झाल्या. कुणाला काही कळायच्या आत बाजेपाशी गेल्या, महाराजांचं मनगट धरून नाडी लागत नाही हे पाहिलं आणि आपला कान त्यांच्या छातीला लावला.

"वाजतंय की!" त्या ओरडल्या. "धाड धाड वाजतंय! नाडी गेली आन काळीज चालूच!"

महाराज भडकले. "शाप देईन!" म्हणून त्यांनी हात उगारला, आणि शालीतून एक रबरी चेंडू पडून टुणटुणत दुधाच्या कॅनापर्यंत गेला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. मी युक्ती सांगितली आणि जो तो ती करून बघायला लागला. कुणी रुमालाचा बोळा केला, कुणी टोपी गुंडाळली, शाळेच्या गुरुजींनी खडूची डबी काखेत धरली. "माजी गेली का बघ!" "आरं, व्हय, गेली!" अर्धं गाव समाधीत आणि अर्धं गाव त्याचं मनगट धरून बसलेलं. त्या गडबडीत महाराज कोणत्या वाटेनं गेले, ते कुणी पाहिलं नाही.

मी तिथंच चांगुणाला इंजेक्शन दिलं आणि गोळ्या सुरू केल्या. आठ जूनला आम्ही मुंबईत होतो.

नळी जाताना ती जागीच होती. फुगा फुगवला तेव्हा छातीत धडधडलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, असं तिनं नंतर सांगितलं. काही क्षणांचंच काम. डॉक्टर बाहेर आले. पुतळाबाई त्यांचे पाय धरायला वाकल्या, तसे ते मागं सरले.

"झडप उघडली, आजी. पण पूर्ण नाही. थोडी गळतीही आहे. दर वर्षी दाखवायला या, इंजेक्शन चुकवू नका. दहा वर्षांनी काय होईल ते आज मला माहीत नाही."

"आसंच सांगत जा, डाक्टर," पुतळाबाई म्हणाल्या. "खरं कळतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा पलंगावर सरळ आडवी झोपली, दोन वर्षांत पहिल्यांदा. पुतळाबाई तिच्याकडं बघत बसल्या, मधूनमधून नाकापुढं बोट धरून श्वास बघत.

दिवाळीत त्या इस्पितळातून श्रीपतीच्या नावानं पोस्टकार्ड आलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. 'रुग्ण कशी आहे? चालताना धाप लागते का? त्रास वाढला असल्यास तेही अवश्य कळवावे. आमच्या नोंदीसाठी वाईट बातमीही तितकीच महत्त्वाची आहे.'

नाडीनाथ आता दुसऱ्या गावात दुसरं काही थांबवत असतील. त्यांनी बऱ्या केलेल्यांपैकी कुणाचीही चौकशी करणारं कार्ड आमच्या गावात कधी आलं नाही. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारी कुणी शंभर टक्के खात्री घेऊन आला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा: ज्यांना गुण आला नाही, त्यांची नावं तुम्ही कुठं लिहून ठेवली आहेत?