ओडिलोनचा अंगठा आणि माझा काटा

मित्रांनो, मी सायकलच्या चाकात हवा भरायचा पंप आहे आणि माझं वय त्रेचाळीस वर्षं आहे. या वयापर्यंत पंप बहुधा भंगारात गेलेले असतात. मी अजून कामावर आहे. माझा पाय बिडाचा, अंग पितळेचं आणि मूठ लाकडाची. पायाशी घड्याळासारखी गोल तबकडी आणि तिच्यात एक काटा आहे. चाकात किती दाब आहे ते तो सांगतो. सांगतो म्हणजे, मधली बरीच वर्षं तो झाकलेला होता. माझं सगळं दुखणं तिथेच होतं.

मला ओडिलोनने त्याच्या लग्नाआधी विकत घेतलं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या मोलेनहूक गावात तो राहतो. आठवडाभर वीटभट्टीवर काम करायचं आणि रविवारी चिखलातल्या सायकल शर्यतीत उतरायचं, हा त्याचा नेम. शेतातून, वाळूतून, चढउतारावरून सायकल हाकायची आणि जिथे हाकता येत नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचं. या शर्यतीत सगळं हवेवर असतं. हवा जास्त झाली तर चाक ओल्या गवतावरून घसरतं, कमी झाली तर दगडावर नाहीतर झाडाच्या मुळावर आपटून फुटतं. मधला आकडा सापडावा लागतो, आणि तो दर रविवारी वेगळा असतो.

ओडिलोनला तो अंगठ्याने कळायचा. चाक दाबायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दीडला जरासं कमी." मी काटा बघावा, तर खरंच दीडला जरासं कमी! पुढे शेजारच्या गावची मंडळी माझ्या काट्यात डोकावून आकडा चोरू लागली, तेव्हा त्याने काट्यावर काळी चिकटपट्टी मारली. "आमचा आकडा आमच्या घरात," म्हणाला. ती पट्टी पुन्हा निघालीच नाही. त्याला गरज कुठे होती? लोक आपापली चाकं घेऊन यायचे, "ओडिलोन, जरा अंगठा लाव रे!" घाम गाळायचा मी आणि वाहवा अंगठ्याची. खरं सांगतो, मला राग यायचा.

मग त्याची मुलगी ग्रीट बारा वर्षांची झाली आणि शर्यतीत उतरली. तिची बक्षिसं फ्रिजवर मावेनात. पण पोरी मोठ्या होतात. लग्न झालं, ती शाळेची बस चालवू लागली, सायकल सुटली, आणि माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. दहा वर्षांहून जास्त काळ मी तिथे होतो. एक तांबडी कोंबडी रोज माझ्या मुठीवर येऊन बसायची. कोंबडी जिथे बसते तिथे आणखी काय करते, ते तुम्हाला सांगायला नको. ओलीने माझी मूठ चिरली ती तिथेच.

तीन वर्षांपूर्वी ग्रीटची आई गेली. ओडिलोन खिडकीपाशी खुर्चीत बसला तो उठेचना. सूप पुढ्यात निवून जायचं. एके सकाळी ग्रीटने मला खुराड्यातून काढलं, पुसलं आणि त्याच्यासमोर उभं केलं.

"बाबा, मी परत शर्यतीत उतरतेय. हवा कोण भरणार?"

ओडिलोनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बऱ्याच वेळाने तो उठला. "आधी याला तेल दे," म्हणाला.

मित्रांनो, मला रडता येत असतं तर तेव्हा रडलो असतो. ही शर्यत पस्तिशीपुढच्या हौशी बायकांची. जिंकलं तर चीजचा एक गोळा आणि फुलं. पण ग्रीट चीजसाठी पळत नव्हती. दर रविवारी बाबा त्या खुर्चीतून उठून बाहेर पडले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं. दोन वर्षं सगळं छान चाललं. वरच्या दहात तिचं नाव असायचं आणि बाबा घरी येताना गाडीत गाणं म्हणायचे.

यंदाचा सप्टेंबर मात्र वाईट निघाला.

पहिल्या शर्यतीला ओडिलोनने हवा भरली, चाक दाबलं, डोळे मिटले आणि "झकास!" म्हणाला. दीड हवं होतं. पट्टीखाली माझा काटा जेमतेम एकवर उभा होता. मला वाटलं, माझंच काही बिघडलं असेल. पण दुसऱ्या फेरीत ग्रीटचं चाक मुळावर आपटून फुटलं. तेही कुठे, तर चाक बदलायची जागा नुकतीच मागे गेल्यावर. मागे वळायला बंदी, वळलात की बाद. अर्धी फेरी ती सायकल खांद्यावर घेऊन पळाली.

दोरीपलीकडे बियर घेऊन उभे असलेले लोक ओरडले, "अगं ग्रीट, सायकल तुला नेते की तू सायकलला?"

"फुकट नाही नेत, तिचं तिकीट काढलंय!" ग्रीट धापा टाकत म्हणाली.

ती शेवटून दुसरी आली. "नशीब, बाबा. त्या मुळाला आज दुसरं कुणी भेटलं नाही," म्हणून तिने विषय संपवला.

दुसऱ्या शर्यतीला ओडिलोन धास्तावलेला होता. चाक दाबून बघायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा दाबायचा. काटा सव्वादोनवर गेला तरी थांबेना. उतारावरच्या ओल्या गवतात ग्रीट घसरली ती थेट कुंपणात. बरगड्या शेकल्या, ब्रेकची दांडी तुटली.

"गवतच ओलं, काय करणार?" ती म्हणाली.

शेजारी मार्लेन उभी होती. तिची मुलगीही याच शर्यतीत असते, आणि मार्लेनला गप्प राहणं कधी जमत नाही. "ओडिलोन, तुझ्या लेकीला यंदा कुणाची दृष्ट लागली की काय?"

 ओडिलोन आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

तिसऱ्या शर्यतीच्या सकाळी जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. हवा भरताना माझ्या चिरलेल्या मुठीचं एक कुसळ ओडिलोनच्या अंगठ्यात रुतलं. चांगलं बोटाच्या पेराएवढं. मुठीवर रक्त आलं. आणि तो दाबतोच आहे, मार्लेनशी हवापाण्याच्या गप्पा मारतोच आहे!

ग्रीट शिरस्त्राण घ्यायला आली आणि थबकली. "बाबा, अंगठा."

"काय झालं त्याला?" त्याने खाली पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं पाहिलं. "अरेच्चा! हे कधी लागलं?"

तिने कुसळ ओढून काढलं. ओडिलोनच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही, आणि तिचं सगळं लक्ष त्या चेहऱ्याकडेच होतं. त्याने रक्त पँटला पुसलं, त्याच अंगठ्याने चाक दाबलं, डोळे मिटले. "झकास. तू बघ, ठीक आहे ना?"

ग्रीटने चाक दाबलं. काटा एकाच्याही खाली होता. तिला कळलं. बारा वर्षांची असल्यापासून चाकं दाबत आलेल्या बाईला कळणार नाही तर कुणाला? मी श्वास रोखून उभा होतो.

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली.

पहिली फेरीही झाली नाही. दगडी काठावर चाक फुटलं, आणि ग्रीट दोरीच्या बाजूने सायकल ढकलत चालत आली. या वेळी ती पळालीही नाही.

"काय नशीब आहे बघा, बाबा..."

"तू दाबून बघितलंस," ओडिलोन म्हणाला.

ग्रीट चाकावरचा चिखल बोटाने काढू लागली.

"तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. तुला कळलं होतं."

"हो. कळलं होतं."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"कशी बोलू?" ग्रीटचा आवाज चढला. मार्लेनला एकाएकी आपल्या पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं. "एवढं कुसळ घुसलं आणि तुम्हाला पत्ता नाही! मी बोलले असते तर उद्यापासून तुम्ही परत त्या खुर्चीत! मला शर्यतीचं काय पडलंय हो? तुम्ही उठावं म्हणून या चिखलात मरतेय मी!"

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बावळट समजतेस मला?" ओडिलोन तिच्या जवळ गेला. "तू बारा वर्षांची होतीस तेव्हा तुझं वळण चुकलं तर मी चुकलं म्हणायचो. कधी गोड बोललो? आणि आज तू मला मांजरासारखी गोंजारतेस! हरायचं तर हर, पोरी. पण माझ्यासाठी मुद्दाम हरू नकोस. त्याने मी जास्त म्हातारा होतो."

मग त्याने अंगठा तिच्यासमोर धरला. "चार महिने झाले. आधी बोटांची टोकं गेली, मग अंगठा. तुला सांगायला घाबरलो होतो गं."

"म्हणजे आपण दोघंही तसलेच," ग्रीट डोळे पुसत म्हणाली. चेहऱ्यावरचा चिखल आणखीच पसरला. "उद्या डॉक्टरकडे जायचं. बसमधून नेईन."

"पोरांच्या बसमधून? शोभतं का मला?" पण जाणार नाही असं तो म्हणाला नाही.

मग तो माझ्यापाशी खाली बसला आणि काट्यावरची पट्टी नखाने खरवडू लागला. नखाखाली काय आहे ते त्याला कळत नव्हतं, म्हणून ग्रीटने कोपरा उचलून दिला आणि त्याने ती ओढली. तीस-पस्तीस वर्षांनी माझ्या काट्याला उजेड दिसला. काच अगदी नवी कोरी होती.

डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, औषधाने थोपवता येईल, पण गेलेली जाणीव बहुतेक परत येणार नाही. ओडिलोन दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मला वाटलं, बसला आता खुर्चीत. तिसऱ्या दिवशी ग्रीट कामावरून आली तर हा अंगणात, मला आणि तिच्या सायकलला समोर घेऊन उभा.

"दाब. डोळे मीट. किती?"

"दीड."

ओडिलोनने चष्मा लावून माझ्याकडे वाकून पाहिलं. "पावणेदोन. चूक. परत."

"बाबा, पाव इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं?"

"तू कुंपणात जातेस, ते बिघडतं. परत!"

आठवडाभर हेच चाललं. त्याचा अंगठा जे जाणत होता ते आता तो तोंडाने सांगत होता, आणि मी प्रत्येक वेळी खरं-खोटं करत होतो. माझ्या मुठीला ग्रीटने सँडपेपर घासून वर कापड गुंडाळलं. पुढच्या रविवारी आमच्याच गावची शर्यत होती. आधीचे गुण नसल्यामुळे ती सगळ्यांत मागच्या रांगेतून सुटली आणि चौदावी आली. चीज मिळालं नाही. चाक फुटलं नाही. ओडिलोनने घरी जाताना तिच्या सहा चुका मोजून सांगितल्या, आणि ती सहाही वेळा भांडली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना खुराड्यात टाकू नका. तेलाचे दोन थेंब द्या, चीर पडली तर वेळेत घासा, नाहीतर आमचंच कुसळ तुमच्या माणसाला लागतं. पण त्याहून मोठी विनवणी दुसरीच आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थकले असतील, तर त्यांना खोटं खोटं 'ठीक आहे' म्हणू नका. त्यांच्याजवळ बसा आणि खरं ते सांगा. मी तीन रविवार खरा आकडा पोटात घेऊन उभा होतो, कारण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.