चौथा पडदा

संगणकावर गिटारच्या सहा तारांसाठी आखलेल्या सहा आडव्या रेषांपैकी सर्वांत खालच्या रेषेवर आकड्याऐवजी लाल प्रश्नचिन्ह उमटलं होतं. भाचीनं तो स्वर पुसून पुन्हा भरला. प्रश्नचिन्ह हललं नाही.

"खुळंच आहे तुझं सॉफ्टवेअर," आत्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली. तिच्या गिटारच्या पुस्तकातली शेवटची रचना संध्याकाळपर्यंत प्रकाशकाकडे जायची होती, आणि सकाळपासून ती खुर्चीला टेकली नव्हती.

"नाचता येईना, अंगण वाकडं. जाड तार तू उतरवून लावतेस, ते त्याला सांगितलंय कुठे आपण?"

भाचीनं सेटिंगमध्ये सहावी तार एका स्वरानं उतरवली. प्रश्नचिन्हाच्या जागी शून्य, म्हणजे मोकळी तार, आलं. मग स्वरलिपीखाली आकडे आपोआप मांडले जाऊ लागले: कोणती तार, गिटारच्या दांडीवरचा कितवा पडदा.

"थांब. तो चार काढ. तोच स्वर दुसऱ्या तारेवर घे, नवव्या पडद्यावर."

"एका स्वरासाठी हात एवढा लांब?"

"पहिली तार तिथे कर्कश वाजते."

भाचीनं बदललं. पुढच्या ओळीत दुसऱ्या तारेवर पुन्हा चार आला.

"तोही हलव. तिसरी तार, आठ."

"हीसुद्धा कर्कश?"

"शहाणपणा पुरे. टाइप कर."

आत्यानं गिटार उचलली, सुरात असलेली तार उगीचच पिळली, पुन्हा सुरात आणली आणि गिटार ठेवून दिली. डावा हात खिशात गेला.

भाची स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिली. एका बोटाला एक पडदा, चौथा करंगळीचा. लहानपणी हे तिला आत्यानंच शिकवलं होतं. पानावर आता एकही चार उरला नव्हता. आत्याच्या कोपरापाशी नस दाबली गेलीय, ऑपरेशनला उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून आत्याचं एकच उत्तर होतं: पुस्तक होऊ दे, मग बघू.

तिनं रचना वाजवून पाहिली; आधी सॉफ्टवेअरच्या आकड्यांनी, मग आत्याच्या.

"ऐकून काही फरक कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर निभावलं इतके दिवस."

"पण पुस्तकातून मुली आकडे बघून शिकतील, आत्या. ज्यांची करंगळी धड आहे, त्यासुद्धा."

आत्या आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. डावा हात तिनं टेबलावर ठेवला. चार बोटं सरळ झाली, करंगळी आत वळलेलीच राहिली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं, मग दोघींनीही पाहणं सोडलं. आत्यानं उजव्या हातानं नऊ पुसला आणि वरच्या रेषेवर चार लिहिला. मग आठ पुसून त्याच्याही वरच्या रेषेवर चार.

"अंगण सरळच आहे गं," ती म्हणाली. "दे पाठवून. आणि त्या डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, ऑपरेशन करून घेतेय."