तपकिरी पँटचा डावा पाय

मित्रांनो, आज मी एक जुनी पिशवी आहे, पण त्याआधी मी एका तपकिरी पँटचा डावा पाय होते. उजव्या पायाचं पायपुसणं झालं, त्यामुळे नशिबाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या पोटात मटकी भरलेली आहे आणि माझ्यावर कॅमेरा टेकवतात.

ज्यांची ती पँट, ते घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवले. मग हात थरथरू लागले आणि दुकान बंद करावं लागलं. विरंगुळा म्हणून ते अंगणातल्या किड्यामुंग्यांचे, चतुरांचे, कुंपणावरच्या बुलबुलांचे फोटो काढू लागले. पण प्रत्येक फोटो हललेला. एकदा फोटोतल्या चतुराला आठ पंख दिसले, तेव्हा त्यांनी कॅमेरा कपाटात टाकला.

तेव्हा त्यांच्या पत्नीने मला शिवलं. मी तिला आईच म्हणते.

"मला काय टेकू लागतो का?" मला पाहताच घड्याळजी फणकारले.

"तुम्हाला कुठे? कॅमेरा जड आहे हो, त्याला लागतो," आई म्हणाली.

हे त्यांना पटलं. कुंडीच्या काठावर मी, माझ्यावर कॅमेरा आणि समोर एक मुंगी. फोटोत मुंगीच्या मिशासुद्धा स्पष्ट आल्या. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. पुढे दोन वर्षं मी भिंतीवर, दगडावर, चिखलात, सांगतील तिथे पडून राहिले. फोटोंचं कौतुक व्हायचं, कॅमेऱ्याचं व्हायचं. माझं नाव कुणी काढत नसे, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही.

एकच गोष्ट मनाला लागायची. कुणी आलं की ते मला लपवायचे. एका सकाळी शेजारचे मास्तर कुंपणापाशी आले, तशी घड्याळजींनी मला घाईघाईने गुलाबामागे ढकललं. गप्पा लांबल्या आणि ते मला तिथेच विसरून घरात गेले. दुपारी पाऊस आला. चार दिवस मी भिजत पडले. इकडे फोटो पुन्हा हलायला लागले होते. घड्याळजी गुपचूप सगळं घर धुंडाळत होते, पण पिशवी कुठे लपवली ते आठवेना आणि बायकोला विचारवेना.

शेवटी मी आईलाच सापडले.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "तुमच्या पँटला मोड आलेत."

खरंच आले होते. माझ्या शिवणीतून एक पांढरा कोंब बाहेर डोकावत होता आणि त्यावर अर्ध्या वाटाण्याएवढा, उड्या मारणारा कोळी बसला होता. घड्याळजी धावत कॅमेरा घेऊन आले. पण टेकवणार कशावर? मी तर समोर होते. त्यांचे हात लटपटत होते आणि कोळी केव्हाही उडी मारून गेला असता. आई ओल्या मातीत गुडघे टेकून बसली आणि तिने कॅमेऱ्याखाली आपला तळवा धरला.

तो फोटो वाचनालयातल्या प्रदर्शनात लागला. मला धुऊन, नवी मटकी भरून आईने पर्समधून तिथे नेलं होतं. कोळ्याचे दोन टपोरे डोळे पाहायला लोक थांबत होते. मास्तरही आले.

"कमाल आहे बुवा," ते म्हणाले. "या वयात इतका स्थिर हात?"

आता घड्याळजी नुसते हसतील आणि विषय बदलतील, असं मला वाटलं. माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. मग त्यांनी खिशात दडवलेला हात बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत आईचा हात धरला.

"स्थिर हात हा," ते म्हणाले. "माझा थरथरतो. आणि फोटोच्या कोपऱ्यात ते तपकिरी दिसतंय ना, ती माझी पिशवी. तिच्याशिवाय मला एकही फोटो नीट काढता येत नाही."

आई इतकी गडबडली की तिने पर्स उघडून मला मास्तरांच्या हातातच दिलं. मित्रांनो, त्या दिवसापासून मला कुणी लपवलेलं नाही.

आता माझं कापड विरलंय. मला फक्त पावसात विसरू नका, एवढंच माझं मागणं. पण तुमच्या घरात कुणाचे हात थरथरत असतील आणि चहा बशीत सांडत असेल, तर हसू नका आणि फार कळवळूही नका. कप जड आहे म्हणा, आणि खालून हळूच हात लावा.