दोन बंद, एक चालू

उस्ताद लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला हे नाव कामावरच्या पोरांनी दिलं होतं आणि पुढे घरीदारी तेच पडलं. एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना त्याचा पाय सुटला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं. गंमत अशी, की ज्या पायांना चिमटा काढला तरी कळत नव्हतं, तेच पाय दुपार झाली की आतून पेटायचे. मग तो पलंगाची कड धरून ओरडायचा आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रेडिओचा आवाज वाढवायच्या, आपल्याला ऐकू आलं असं त्याला वाटू नये म्हणून.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "मन कशात तरी गुंतवा. गुंतलं की कळ कमी जाणवते."

उस्तादचं मन पिक्चरमध्ये गुंतलं. पूर्वी महिन्याकाठी कधीतरी एखादा बघणारा माणूस, पण आता पडद्यावर गाड्या उडायला लागल्या, की तोंड उघडं टाकून बघत बसायचा. तेवढा वेळ घरात ओरडा नसायचा. त्याच्या बायकोने नुकसानभरपाईच्या पैशातून भिंतभर टीव्ही आणला, तीन ॲप घेतली, वेगवान इंटरनेट घेतलं. थिएटरात नुकताच लागून गेलेला पिक्चर भाड्याने घ्यायची सोय होती, तीही सुरू झाली. सगळे पैसे खात्यातून परस्पर कापले जायचे. तेव्हा कोण बघतंय? घरात शांतता होती, तेवढं पुरे होतं.

ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉस्पिटलच्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरळ सोडायच्या, हे तिचं काम. एक दिवस त्या हॉस्पिटलने कंत्राट दुसऱ्याला दिलं आणि सुपरवायझर बाईंनी सगळ्यांच्या पाळ्या निम्म्या केल्या. "कुणाला काढत नाहीये, हे नशीब समजा," असं म्हणाल्या.

घरी येऊन तिने बँकेचे मेसेज एकेक करून वाचले. पिक्चरवर जाणारा पैसा गोळ्यांच्या पुढे गेला होता.

ती पलंगाच्या काठावर बसली. "अहो, ऐका. आता हात आखडता घ्यायला लागेल. तीन ॲप नाही परवडत. दोन बंद करू, एक चालू ठेवू. पुढच्या महिन्यात ते बंद करून दुसरं घेऊ. आळीपाळीने."

"म्हणजे एक महिना मारामारी, एक महिना रडारड?"

"तसंच."

"आणि तिसऱ्या महिन्यात भुतं." तो हसला. "चालेल. कर बंद."

"भाड्याचे पिक्चरही बंद. नवीन आला की थोडं थांबायचं, जुना होऊन ॲपवर येतो आपोआप. इंटरनेट पण साधं घेऊ."

"अगं, कर म्हटलं ना. मी काय लहान आहे?"

पिक्चरसाठी महिन्याला किती, ते दोघांनी मिळून ठरवलं. त्याच्या वर जायचं नाही. साध्या इंटरनेटवर कधीकधी चित्र अडायचं, नायकाचा हात हवेत तसाच राहायचा. उस्ताद म्हणायचा, "बघ, याचंही कंत्राट गेलं." एक महिना असा निघाला. दुसरा पण निघाला. तिला वाटलं, जमतंय.

पण आवडीचे पिक्चर संपले. जे उरले ते बघताना मन गुंतेना, आणि मन सुटलं की कळ हजर. त्याने तिला सांगितलं नाही. ती दमून यायची, तिला आणखी काय सांगायचं? तो उशीत तोंड खुपसून ओरडायला शिकला.

एका दुपारी ती कामावर असताना त्याला राहवलं नाही. रिमोटवर बोट गेलं. नवा पिक्चर, भाड्याने. बटण दाबलं की झालं, कुणी विचारत नाही. तो दहा मिनिटं चालला, पण कळ जाईना. त्याने दुसरा घेतला. मग तिसरा. कुठला तरी एक धरून ठेवील म्हणून तो दाबत गेला. त्याला दिसत होतं, आपण काय करतोय ते. पण थांबवत नव्हतं.

लाँड्रीत फोन कपाटात ठेवायला लागायचा. पाळी सुटल्यावर तिने तो न बघताच पिशवीत टाकला आणि तशीच औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने गोळ्यांची पाकिटं पुढे ठेवली, तिने पैसे पाठवायला फोन काढला, आणि खात्यात पैसेच नव्हते.

"पुन्हा करून बघा," दुकानदार म्हणाला.

तिने पुन्हा केलं. मागे माणसं उभी होती. दुकानदाराने न बोलता पाकिटं आपल्याकडे ओढून घेतली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. तिथेच उभं राहून तिने मेसेज वाचले. कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूला होता का?"

घरी टीव्ही चालूच होता. तिने भिंतीतला प्लग खेचून काढला.

"गोळ्या आणल्यास?" त्याने विचारलं.

"कशाने आणू? सगळे पैसे तुम्ही पिक्चरवर उडवलेत. एका दुपारी."

त्याने रिमोट उशीखाली सरकवला.

"लहान नाही म्हणालात ना? ठरवलं होतं ना आपण? मी चालत कामावर जाते, बसचे पैसे वाचवते, आणि तुम्ही इथे पडून…" तिने जीभ चावली.

"बोल की. पडूनच असतो मी." त्याने काळ्या पडद्याकडे बोट केलं. "टीव्ही बंद केलास, आता काय करू? भिंत बघू दिवसभर?"

"बघा! मी दिवसभर चादरी बघते!"

बोलून झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ओट्याला धरून. रडूसुद्धा येईना.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. पिक्चर एकदा सुरू केला की पैसे परत मिळत नाहीत. "अजून काही मदत करू शकते का?" असंही विचारलं. मग तिने दिराला फोन केला. आजवर त्याच्यापुढे कधी हात पसरला नव्हता. झालं ते खरंखरं सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

"वहिनी, पिक्चर बघायला पैसे?"

"गोळ्यांना हवेत, भावजी."

"म्हणजे तेच ना फिरून." मग "बघतो," म्हणाला. त्या 'बघतो'चा अर्थ तिला कळला.

संध्याकाळी कळ परत आली. ना गोळी, ना पिक्चर. उशी ओली झाली, ओठ फुटला. तिने त्याचे पाय चोळले, चोळलेलं त्याला कळत नाही हे माहीत असूनही. "तोड," तो म्हणत होता, "तोडून टाक एकदाचे." खाली काकूंनी रेडिओ वाढवला नाही. त्या वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि काही न सुचून परत गेल्या.

सकाळी तोच म्हणाला, "टीव्ही विक."

"नको. मी रागात बोलले."

"मी रागात नाही बोलत. तो समोर राहिला तर मी परत बटण दाबीन. मला माहिताय. माझा माझ्यावर भरवसा नाही उरला." तो छताकडे बघत होता. "तू कुलूप लावशील, नंबर टाकशील. मग तुझ्याकडे रोज नंबर मागत बसू? ते नको. विक."

जुन्या वस्तू घेणारा माणूस आला. टीव्हीला पाठीमागून टिचक्या मारून बघितलं, भाव पाडला. तिने घासाघीस केली, पण पलंगावरच्या माणसाकडे त्याची नजर गेली होती. ही विकणार, हे त्याला दिसतच होतं. टीव्ही जिन्यावरून उतरताना उस्तादने डोळे मिटून घेतले. त्या पैशात गोळ्या आल्या, विजेचं बिल भागलं. उरलेलं ॲप तिने बंद केलं आणि इंटरनेटही काढून टाकलं.

टीव्हीचे पैसे आणायला ती त्या माणसाच्या दुकानात गेली होती, तिथे कोपऱ्यात वहीएवढ्या पडद्याचा सीडी प्लेअर धूळ खात पडला होता. दुकानदाराने तो जाता जाता देऊन टाकला, "कोण घेतंय आता" म्हणत. गावच्या वाचनालयात एक कपाट सीडींनी भरलेलं होतं, फुकट मिळायच्या. तिने रोज येताना एक आणायची असं ठरलं. बहुतेक जुने, संथ पिक्चर. गाड्या उडत नव्हत्या. पहिले काही दिवस त्याने नुसते चालू ठेवले, बघितले नाहीत. कळ यायची तशी येतच राहिली. गोळीने थोडी बोथट व्हायची, इतकंच.

तिच्या पाळ्या निम्म्याच राहिल्या. दिराचा फोन आला नाही.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने प्लेअर छातीवर ठेवला आणि म्हणाला, "ये. हा बरा दिसतोय." एवढासा पडदा बाजूला बसून दिसत नव्हता, म्हणून ती त्याच्या शेजारी आडवी झाली, डोकं त्याच्या खांद्याशी. अपघातानंतर ती त्या पलंगावर कधी झोपली नव्हती. त्याला धक्का लागेल म्हणून खाली सतरंजीवर झोपायची.

पिक्चरमध्ये एक म्हातारा स्टेशनवर कुणाची तरी वाट बघत होता. "कोण येणार याचं?" तिने विचारलं.

"कळेल की. थांब."

पण तिचे डोळे मिटले. थोड्याच वेळात त्याच्या पायांत आग उठली. दात आवळून त्याने पडद्याकडे बघितलं. गाडी येत होती. हात उचलून त्याने पिक्चर थांबवला. तिचा बघायचा राहिला असता. मग खांदा न हलवता, एका हाताने पलंगाची कड घट्ट धरून, ती जागी व्हायची वाट बघत पडून राहिला.