मामंजींचा हुक्का

मामंजी गेले आणि काही दिवसांतच त्यांचा हुक्का वाजू लागला.

पितळेची फुटकी भांडी डाग देऊन सांधण्याचं दुकान सून चालवायची. पुढे दुकान, मागे राहत्या खोल्या. दुपारची जेवणं आटोपली की मागून गुडगुड ऐकू यायची. तिला वाटलं, सासूबाई चोरून ओढताहेत की काय! हसू दाबत ती दारातून डोकावली. सासूबाई खाटेवर बसलेल्या, हात मांडीवर. हुक्का कोपऱ्यात, नळी खुंटीला, चिलीम थंडगार. गुडगुड मात्र चालूच. तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"घाबरू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "जिवंतपणी तरी कुठे तोंडानं बोलायचे? होकाराला छोटी गुडगुड, नकाराला लांबलचक. अख्खा संसार असाच रेटला मी."

"मग आता काय म्हणताहेत?"

"नाहीच म्हणतात. जेवू का विचारलं, तरी नाही."

आणि खरंच सासूबाईंनी जेवण सोडलं. घोटभर पेजेलाही तोंड फिरवू लागल्या. गालफडं बसली. तेव्हा मात्र सुनेनं नणंदेला बोलावून घेतलं. नणंद कॉलेजात भाषा शिकवायची, भुताखेतांची तिला भारी चीड.

"आई, हुक्का हा शब्द मुळात अरबी," ती आईचा हात धरून म्हणाली. "त्याचा अर्थ डबी, बरणी. खालच्या या पाण्याच्या भांड्यावरून सगळ्यालाच ते नाव पडलं. डबी ती! ती कशाला तुला नाही म्हणेल?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"डबी? अगं, डबीत तर काहीतरी ठेवलेलं असतं."

नणंदेनं कपाळाला हात लावला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या हुक्क्याकडे बोट केलं. "उघडा ते भांडं," त्या म्हणाल्या. " जीव गुदमरत असेल त्यांचा."

भांड्याची मान हिरवट कीट चढून जाम बसली होती. सुनेनं हुक्का दुकानात आणला, चिमट्यात धरला आणि जोड सैल व्हावा म्हणून त्यावर ज्योत सोडली. तशी आतून गुडगुड उठली. लांब, संपता न संपणारी. नणंद भिंतीला चिकटली. सुनेनं ज्योत बाजूला घेतली.

"थांबू नकोस," सासूबाई म्हणाल्या. मग भांड्याकडे वाकून त्यांनी आवाज चढवला. उभ्या जन्मात कुणी तो ऐकला नव्हता. "आज नाही ऐकायची मी तुमचं! पुरे झालं!"

मान कर्रकन फिरली आणि निघून आली. आवाज तुटला. सुनेनं भांडं पालथं केलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. बोट घालून पाहिलं, तर आतलं पितळ कोरडं ठणठणीत.

"भूक लागली गं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. हुक्का मोडीत गेला. गुडगुड पुन्हा कधी ऐकू आली नाही. सासूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, शेजारणींशी गप्पा सुरू झाल्या. नणंद निर्धास्त होऊन आपल्या घरी गेली.

फक्त सकाळी केस विंचरून देताना सुनेचा हात अडखळतो. नुकतेच न्हालेले, ओलसर पांढरे केस, आणि मुळाशी तंबाखूच्या ताज्या, गरम धुराचा वास. कालच्यापेक्षा आज जरा जास्तच.

"काय गं, थांबलीस का?" सासूबाई विचारतात.

"काही नाही, आई. गुंता आहे," ती म्हणते आणि श्वास रोखून वेणी घालते.