मांडीचं माप

मास्तरांनी तीस वर्षं जिममध्ये पोरांना घाम गाळायला लावला होता. सुट्टी हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर घरी येणारी फिजिओबाई म्हणाली, "हलकं वजन, तेही एक दिवसाआड. स्नायू व्यायामात झिजतो, विश्रांतीत भरून येतो." मास्तरांनी मान डोलावली. मनात मात्र म्हणाले, कालची पोरगी मला शिकवणार!

बाईची पाठ वळताच ते बायकोच्या पायाला वाळूची दुप्पट जड पिशवी बांधायला लागले. रोज, दोन्ही वेळेला. ती दातओठ खाऊन पाय उचलायची. मग पोरांच्या दंडाला लावायचा टेप ते तिच्या मांडीला लावायचे.

चौथ्या दिवसापासून माप वाढायला लागलं. मास्तर हरखून गेले. "शाब्बास! माझ्या पोरांनी तुझ्याकडून शिकावं!" ते रोज म्हणायचे. दहाव्या दिवशी मांडी चांगली दोन बोटं वाढली होती.

त्याच दिवशी फिजिओबाई पुन्हा तपासायला आली तेव्हा त्यांनी ऐटीत टेप दाखवला. तिने मांडीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो भरेना.

"काका, हा स्नायू नाही, सूज आहे. आत काहीतरी फाटलं असणार. आधी हॉस्पिटलात न्या." मग ती बायकोकडे वळली. "काकू, इतकं दुखत होतं, तर बोलला का नाहीत?"

काकूंनी चादर मांडीवर ओढून घेतली.

"लग्नानंतर पहिल्यांदाच हे मला शाब्बास म्हणत होते गं."